प्रस्ताव पाठवण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद. विद्यापीठाच्या कलादालनाला पाठवायच्या प्रस्तावाचा तुझा मसुदा काल वाचून संपवला. विषय मनापासून आवडला. नदी, तिचे नकाशे आणि तिचा सतत सरकणारा काठ यावर प्रदर्शन व्हायला हवं, आणि ते तुझ्या हातून व्हावं असं मला वाटतं. म्हणूनच जरा सविस्तर लिहायला बसलो आहे.

पहिला परिच्छेद बदल. ‘माणूस आणि निसर्ग यांच्यातील गुंतागुंतीच्या नात्याचा शोध घेणारे प्रदर्शन’ हे वाक्य समुद्रावरच्या, जंगलावरच्या, शेतीवरच्या कुठल्याही प्रदर्शनाला चालेल. तुझी खरी गोष्ट तिसऱ्या पानावर दडून बसली आहे. नकाशा काढणारा नदीचा काठ एका रेषेने दाखवतो, पण पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात तो काठ एका जागी नसतोच. मग रेषा कुठे ओढायची हे कोण ठरवतं, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्यांच्या वाट्याला काय येतं? हा प्रश्न पहिल्या दोन-तीन ओळींतच यायला हवा. चित्रं, जुने नकाशे आणि व्हिडिओ हे सगळं एकाच दालनात का, याचं उत्तर त्या प्रश्नातच आहे. ज्या कलाकृतीचा या प्रश्नाशी संबंध दाखवता येत नाही ती कितीही देखणी असली तरी यादीतून काढ. सूर्यास्ताची ती दोन छायाचित्रं मला तशी वाटली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विद्यापीठाचं दालन हे खासगी गॅलरीसारखं विक्रीसाठी नसतं आणि मोठ्या संग्रहालयाची छोटी आवृत्तीही नसतं. ते शिकण्या-शिकवण्याच्या जागेचा भाग असतं. ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन १६८३ मध्ये उघडलं तेव्हा वरच्या मजल्यावर संग्रह, मधल्यावर व्याख्यानाची खोली आणि तळघरात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती. वस्तू बघणं आणि अभ्यास करणं एकाच छपराखाली. तुझा प्रस्ताव वाचताना समितीच्या मनात हाच प्रश्न असेल: हे प्रदर्शन इथेच का? समितीवर चित्रकलेबाहेरच्या विभागांतले प्राध्यापकही असू शकतात, कधी विद्यार्थी प्रतिनिधीही. त्यांना तुझी कलेची परिभाषा येत असेलच असं नाही. विषयाची धग मात्र त्यांना लगेच कळते.

म्हणून कार्यक्रमांचं पान मला सगळ्यात जास्त खटकलं. ‘उद्घाटन, कलाकाराशी गप्पा, कार्यशाळा, समारोप’ एवढंच तिथे आहे. कार्यक्रम हे प्रदर्शनाला मागून जोडलेलं शेपूट नाही. येल विद्यापीठातलं उदाहरण बघ. आयर्विन ब्रेव्हरमन हे त्वचारोगाचे प्राध्यापक आणि लिंडा फ्रीडलेंडर या तिथल्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात शिक्षणाचं काम पाहणाऱ्या क्युरेटर. त्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना चित्रांसमोर उभं केलं. चित्राचा अर्थ लावायचा नाही, आधी दिसतं ते तपशीलवार सांगायचं. या विद्यार्थ्यांची रुग्णांची छायाचित्रं निरखण्याची क्षमता वाढल्याचा अभ्यास २००१ मध्ये एका आघाडीच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. इथे कार्यक्रम कुणासाठी, तो दालनातच का, आणि त्यातून काय व्हावं, या तिन्ही गोष्टी स्पष्ट होत्या.

तुझ्या विषयात तर अशा जागा भरपूर आहेत. कायद्याच्या विद्यार्थ्यांचं घे. नदीने हळूहळू आणून टाकलेला गाळ काठच्या जमीनमालकाचा होतो, पण पुराने एखाद्याच्या जमिनीचा तुकडा एकदम तोडून नेला तर तो मूळ मालकाचाच राहतो, असा भेद रोमन कायद्यापासून चालत आला आहे. तुझ्या दोन नकाशांसमोर, काठ सरकलेला डोळ्यांनी दिसत असताना, या भेदावर तासभर वाद घालता येईल. भूगोलाचे विद्यार्थी तेच नकाशे वेगळ्या नजरेने वाचतील. जलविज्ञानाचा कुणी प्राध्यापक पूररेषा कशी आखतात ते त्याच भिंतीसमोर सांगू शकेल. सगळं करू नकोस. दोन कार्यक्रम निवड आणि प्रत्येकाबद्दल नेमकं लिही: कोण येणार, किती जण, कोण घेणार, किती वेळ, दालनात खुर्च्या लागतील का. आणि प्रस्ताव पाठवण्याआधी त्या प्राध्यापकांना भेट. ‘सहकार्य अपेक्षित आहे’ आणि ‘त्यांच्याशी बोलणं झालं असून दुसऱ्या सत्रातला एक तास द्यायला ते तयार आहेत’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

जागेकडे वळू. दालनाचा आराखडा मागून घे आणि जमलं तर स्वतः जाऊन बघ. तू चौदा चित्रं मुख्य भिंतीवर लावायचं म्हणतोस. भिंत बारा मीटरची आहे. फ्रेम सत्तर सेंटिमीटर रुंद, दोन फ्रेममध्ये आणि दोन्ही टोकांना पन्नास सेंटिमीटर मोकळी जागा धरली तर तिथे नऊच बसतात. कागदावर टेप लावून मोजलंस की हे लगेच कळतं. मग पाच चित्रं कमी करायची की दोन ओळींत लावायची, हा निर्णय तुझा असेल, मांडणीच्या आदल्या रात्री घाईत झालेला नसेल. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवण्याची पद्धत आहे. नकाशांची काचपेटी मात्र चाकाच्या खुर्चीत बसून आलेल्यालाही आत बघता येईल इतकी खाली हवी.

नकाशांबद्दल थोडं जास्त काळजीने. ग्रंथालय ते सहज देईल असं तू धरून चालला आहेस. कागदावरच्या नाजूक कामांसाठी प्रकाश साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजायचं एकक) आत ठेवतात, कारण प्रकाशाने झालेली हानी साठत जाते आणि भरून येत नाही. रोज आठ तास, आठवड्याला सहा दिवस, बारा आठवडे: ५० लक्सला हा हिशोब २८,८०० लक्स-तासांचा होतो. खिडकीजवळच्या भिंतीवर २०० लक्स पडत असेल तर तेवढाच प्रकाश अठरा दिवसांत पडून जातो. म्हणजे नकाशे आतल्या भिंतीला, आणि व्हिडिओही त्याच बाजूला, कारण त्यालाही अंधार हवा. फक्त व्हिडिओचा आवाज नकाशांपाशी चर्चा करणाऱ्यांच्या कानावर आदळणार नाही हे बघ. एवढं दोन ओळींत लिहिलंस तरी ग्रंथपालांना विश्वास वाटेल. मूळ नकाशा नाहीच मिळाला तर उत्तम प्रतीची छापील प्रत चालेल का, हे आत्ताच ठरव आणि तसं लिहून टाक.

बाहेरून उसन्या आणायच्या कलाकृतींसाठी मालकाचं निदान तत्त्वतः संमती देणारं पत्र जोड. मोठी संग्रहालयं सहा महिने ते वर्षभर आधी मागणी करायला सांगतात आणि दालनातलं तापमान, आर्द्रता, सुरक्षा याची लेखी माहिती मागतात. दालनाचं स्वतःचं वेळापत्रकही बहुधा वर्ष-दीड वर्ष पुढचं ठरलेलं असतं. तू सुचवलेल्या तारखा परीक्षांच्या तोंडावर येतात आणि प्रदर्शनाचा शेवटचा भाग सुटीत जातो. विद्यार्थीच नसतील तर तुझ्या प्रश्नावर वाद घालणार कोण? सत्र सुरू झाल्यानंतर दोनेक आठवड्यांनी उघडणाऱ्या तारखा माग, आणि पर्यायी तारखाही दे.

अंदाजपत्रकात कलाकारांच्या मानधनाच्या रकान्यात तू शून्य घातलं आहेस. ते खोडून टाक. ‘नाव होईल’ म्हणून फुकट काम करून घेण्याची सवय कलाक्षेत्राला फार जुनी आहे, आणि ती नव्या लोकांनीच आपल्या पहिल्या प्रस्तावापासून मोडायला हवी. रक्कम छोटी असली तरी ती असू दे. वाहतूक, विमा, फ्रेमिंग, छपाई, भिंती पुन्हा रंगवणं आणि उतरवणीचा खर्च यांचे वेगवेगळे रकाने कर. विमा कलाकृती मालकाच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत तिथे पोचेपर्यंतचा हवा. नुसता प्रदर्शनाच्या दिवसांचा पुरत नाही. थोडी रक्कम अडीअडचणीसाठी ठेव.

बायोडेटा एका पानात आण. छायाचित्रांना फाइलचं नाव नको. कलाकार, शीर्षक, वर्ष, माध्यम, माप, या क्रमाने ओळ लिही. आणि एखादं नमुना-लेबल जोड, साठ-सत्तर शब्दांचं. तुझ्या लिखाणाची ताकद तिथे चटकन दिसेल, आणि त्या मोजक्या शब्दांत प्रश्न मांडता येतो का हे तुलाही कळेल.

नकार आलाच तर खचू नकोस. त्या वर्षीचं वेळापत्रक भरलेलं असणं हेही नकाराचं कारण असतं. दोन ओळींचं आभाराचं पत्र लिही, कारण विचार, आणि पुढच्या फेरीत पाठवलं तर चालेल का तेही विचार. होकार आला तर मात्र काम सुरू करण्याआधी सगळं लेखी घे: मानधन कधी मिळणार, छायाचित्रांचे हक्क कुणाकडे, नुकसान झालं किंवा प्रदर्शन रद्द झालं तर जबाबदारी कुणाची.

नवा मसुदा पाठवशील तेव्हा दालनाचा आराखडा सोबत जोड, भिंतींवर प्रत्येक कामाची जागा पेन्सिलने आखून. मग कुठली पाच चित्रं काढायची यावर बसून बोलू.