विचारा फौजीकाकांना : पत्रावर आकडा टाका

प्रश्न : माझे मिस्टर मराठा पलटणीत आहेत. दिवाळीनंतर ते पुढच्या पोस्टवर गेले. आधी रोज रात्री व्हिडिओ कॉल व्हायचा. आता दहा-बारा दिवसांनी कधीतरी फोन लागतो आणि 'ऐकू येतंय का' यातच संपतो. पत्र टाक म्हणाले. मी जन्मात पत्र लिहिलेलं नाही. दिलेल्या पत्त्यात गावाचं नावच नाही, नुसतं 56 एपीओ. हे कुठे आलं? शिवाय सासूबाई ओट्यावरून पडल्या, हात प्लास्टरमध्ये आहे. कळवू की नको?
– एक भगिनी, खटाव तालुका

उत्तर : ताई, 56 एपीओ हे गाव नव्हे, फौजेच्या पोस्टाचा (आर्मी पोस्ट ऑफिस) नंबर आहे. निम्मी नोकरी मी त्याच पत्त्यावर काढली, पण राहिलो पाच ठिकाणी. मी मूळचा पोस्ट खात्यातला. पुढे आर्मी पोस्टल सर्व्हिसमध्ये गेलो आणि कामठीच्या सेंटरला वर्दी चढवली. 56 एपीओची डाक दिल्लीला जमते, 99 ची कोलकात्याला. कुठली पलटण आज कुठे आहे ते तिथल्या लोकांना ठाऊक असतं. पलटण हलली तरी तुम्ही लिहायचा पत्ता तोच : आर्मी नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, पलटण, मग 56 एपीओ. पत्त्यात लेह, द्रास असलं काही लिहू नका. कुरिअरवाल्याकडे जाऊ नका, पोस्टातच टाका. आणि 'नेमके कुठे आहात' हे पत्रात नको, फोनवरही नको. सांकेतिक शब्दांची हुशारीही नको. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधले आपले शिपाई हिंदी फौजेला 'काळी मिरी' आणि गोऱ्यांना 'लाल मिरची' लिहीत. सेन्सॉरवाल्यांनी तेही ओळखलं होतं.

आता खरं सांगायचं ते. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात तारीख घाला आणि आकडा टाका. 1, 2, 3.

मी लेहला होतो तेव्हाची गोष्ट. जोजीला खिंडीतला रस्ता बर्फाने बंद, डाक चंदीगडहून विमानाने यायची आणि हवा बिघडली की तीही अडकायची. एकदा नऊ दिवस विमान नाही. दहाव्या दिवशी थैल्यांचा ढीग आला, तोही मागेपुढे. आमच्या काउंटरशी एक सातारकडचा नाईक उभा होता. पलटणीची डाक न्यायला तोच येई, म्हणून स्वतःचं पत्र तिथेच फोडायचा. वाचता वाचता थांबला आणि इनलँड (पोस्टाचं घडीचं निळं पत्र) माझ्यापुढे धरलं. 'काका, हे बघा.' भावाचं अक्षर होतं. 'दिवसकार्य नीट पार पडलं. मामा, आत्या सगळी आली होती. तू काळजी करू नको.' कुणाचं दिवसकार्य, ते कुठेच नाही! आधीच्या पत्रात लिहिलं होतं, पण ते पोचलंच नव्हतं. घरात म्हातारे तिघे. चार दिवस हा माणूस त्या तिघांपैकी कोण, याचा विचार करत डाक उचलत होता. पाचव्या दिवशी आधीचं पत्र आलं. चुलते गेले होते.

म्हणून सासूबाईंचं जरूर कळवा, पण अर्धवट नको. 'आईंना जरा बरं नाही, काळजी नसावी' हे वाक्य फौजेत सगळ्यात वाईट. कधी पडल्या, कुठला हात, डॉक्टर काय म्हणाले, प्लास्टर कधी निघणार, भाकरी सध्या कोण थापतं, सगळं लिहा. हीच बातमी पुढच्या पत्रातही एका ओळीत परत घ्या, कारण कुठलं आधी फुटेल याचा नेम नाही. त्या स्वतः काय बोलतात तेही त्यांच्याच शब्दांत उतरवा, शिव्यांसकट.

बाकी लिहायचं काय, ही चिंता नको. म्हैस आटली, विहिरीला किती पाणी, ज्वारी किती उतरली. माझ्या काउंटरवर पोरं असली पत्रं इतक्यांदा वाचत, की घडीवर कागद फाटायचा. प्रेमाचं लिहावंसं वाटलं तर लिहा, लाजू नका; फक्त बंकरमध्ये शेजारचाही डोकावतो.

त्या नाइकाने दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून दहा इनलँड घेतली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात स्वतःच 1 ते 10 लिहिलं, सगळी एका पाकिटात घालून गावी पाठवली. दीड महिन्याने त्यातली परत येऊ लागली. 4 नंबरचं 3 च्या आधी आलं. या खेपेला त्याने ते फोडलं नाही, कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि थैली उचलून गेला.