घरून काम, मुक्काम बाहेर : भाडे खर्चात कधी धरता येते?

घरून व्यवसाय करणाऱ्या अनेक वाचकांनी विचारले आहे की, काही काळ दुसरीकडे राहावे लागले तर ते भाडे व्यवसायाच्या खर्चात दाखवता येते का? उत्तरांतली कलमे १९६१ च्या आयकर कायद्यातली असून आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या रिटर्नला लागू आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा कायदा लागतो, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.

प्रश्न : दादरची आमची इमारत पुनर्विकासाला गेली. मी घरूनच ग्राफिक डिझाइनची कामे करते. मुलुंडला महिना ४५,००० रुपये भाड्याने राहतो, बिल्डर ३८,००० देतो. हे भाडे खर्चात टाकू का?

ताई, सगळे नाही. कलम ३७(१) नुसार खर्च पूर्णपणे व्यवसायासाठीच झालेला हवा, वैयक्तिक नको. डोक्यावरचे छप्पर ही कुटुंबाची गरज. पण घराचा एक भाग फक्त कामासाठी वापरात असेल, तर कलम ३० आणि ३८ नुसार तेवढ्या भागाचे भाडे वजा मागता येते.

टेप घेऊन मोजा. कारपेट ५०० चौरस फूट आणि कामाची खोली १०० असेल, तर वाटा २० टक्के. हॉलच्या कोपऱ्यातले टेबल, ज्यावर संध्याकाळी मुलांचा अभ्यास चालतो, ते यात बसत नाही. खोलीचा नकाशा आणि दोन फोटो फाइलला लावून ठेवा.

टक्केवारी कशावर लावायची, हा खरा वादाचा मुद्दा आहे. पुनर्विकासात विस्थापनापोटी मिळणारी रक्कम भांडवली स्वरूपाची, म्हणून करपात्र नाही, असा निर्णय आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने दिलेला आहे. बिल्डरचे ३८,००० करमुक्त धरायचे आणि त्यातूनच भरलेले भाडे खर्चातही दाखवायचे, हे अधिकाऱ्यापुढे टिकवणे अवघड. खिशातून जाणाऱ्या ७,००० चे २० टक्के, म्हणजे महिना १,४०० रुपये दाखवा, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. रक्कम लहान आहे, पण चौकशी झाली तरी ती टिकेल.

लिव्ह अँड लायसन्स करार तुमच्या नावावर आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्रात नोंदणी सक्तीचीच आहे. छापील मसुद्यात ‘फक्त राहण्यासाठी’ असे असते, तिथे घरून व्यावसायिक काम करण्याची परवानगी देणारे एक वाक्य घालून घ्या. डिपॉझिट परत मिळते, तो खर्च नव्हे. सामान हलवल्याचे बिल घरगुती, पण कॉम्प्युटर आणि प्रिंटर हलवल्याची रक्कम त्यात वेगळी लिहून घेतलीत, तर ती चालते. भाडे महिना ५०,००० च्या वर गेले तर २ टक्के टीडीएस कापावा लागतो, हेही विसरू नका.

प्रश्न : वरच्या मजल्यावर लादी फोडण्याचे काम सुरू होते. मी घरून व्हॉइसओव्हर करतो. चार रात्री हॉटेलात काढल्या. बिल चालेल?

रात्रीचे बिल म्हटले की अधिकारी झोपण्याची सोय असेच धरणार, आणि त्यात त्याचे चुकत नाही. ड्रिलचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो, तेव्हा गरज असते ती शांत खोलीची. तासावर स्टुडिओ घ्या. नुसते एडिटिंग असेल तर को-वर्किंगचे टेबल किंवा हॉटेलची फक्त दिवसाची खोली. ही तिन्ही बिले निखळ व्यवसायाची. बिलावर तुमच्या व्यवसायाचे नाव हवे, यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेत, तर कलम ४०ए(३) खाली खर्च नामंजूर होतो.

प्रश्न : बोरिवलीतल्या घरातून आर्किटेक्टचे काम करते. साइटसाठी नाशिकला आणि पणजीला मुक्काम होतो.

हा प्रवास कामाचाच, त्यामुळे हॉटेल खर्चात धरता येते. साइटची तारीख दाखवणारी ईमेल बिलाला टाचून ठेवा. यजमान सोबत आले, तर एका माणसाच्या दराइतकेच धरा.

जीएसटीत मात्र अनेकांची गल्लत होते. हॉटेल ज्या राज्यात, कर त्या राज्याचा. नाशिकच्या बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल तर क्रेडिटचा, म्हणजे बिलात भरलेला कर तुमच्या देय जीएसटीतून वजा करण्याचा, मार्ग खुला राहतो. पणजीच्या बिलावर गोव्याचा राज्यकर लागतो, त्याचे क्रेडिट महाराष्ट्राच्या नोंदणीवर मिळत नाही. ती रक्कम खर्चातच मिळवा.

आणि एक : तुम्ही कलम ४४एडीए खाली, म्हणजे व्यावसायिकांसाठीच्या अंदाजित नफ्याच्या पद्धतीने, जमा रकमेच्या ५० टक्के नफा दाखवत असाल, तर वरचे काहीच वेगळे मागता येणार नाही. सगळा खर्च उरलेल्या निम्म्यात आलाच.

प्रश्न : मी नोकरदार आहे. चिपळूणहून घरून काम करतो, महिन्यातून दोनदा अंधेरीच्या ऑफिसला बोलावतात. लॉजचे पैसे रिटर्नमध्ये दाखवू का?

नाही. पगाराच्या उत्पन्नातून असा खर्च वजा होत नाही. नव्या करपद्धतीत ७५,००० आणि जुन्या करपद्धतीत ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, त्यात सगळे आले. पैसे कंपनीकडून मागा. पण आधी नेमणूकपत्रातली ‘कामाचे ठिकाण’ ही ओळ वाचा. तिथे चिपळूण असेल, तर अंधेरीची फेरी हा कंपनीचा दौरा ठरतो आणि प्रत्यक्ष खर्चाइतकी भरपाई करमुक्त राहते. तिथे अंधेरी असेल, तर तीच भरपाई पगारात धरली जाण्याची दाट शक्यता. अशा वेळी एचआरकडून ठिकाण बदलल्याचे पत्र घ्या, आणि ते पुढचे बिल देण्याआधी घ्या. मागच्या तारखेचे पत्र घेऊ नका.