‘मोठा लक्षच देत नाही’ : बडोद्यातल्या एका घराचं घड्याळ

सात-आठ वर्षांच्या मुलांचे आईवडील हल्ली माझ्याकडे येतात ते बरेचदा निदान ठरवूनच. शाळेतल्या बाईंनी डायरीत लिहिलेलं असतं : जागेवर बसत नाही, सांगितलेलं ऐकत नाही, शेजारच्या मुलांना मारतो, एकदा दाखवून घ्या. मग रात्री मोबाइलवर शोधाशोध होते आणि ‘एडीएचडी’ (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांची विकासातली अडचण) हा शब्द घरात मुक्कामाला येतो. दांडिया बाजारात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात हेच घडलं होतं. त्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई बँकेत, वडील हालोलच्या एका कारखान्यात, घरी आजी आणि दोन मुलगे. साडेसात वर्षांचा मोठा दुसरीत, पाच वर्षांचा धाकटा सीनियर केजीत. आईचं म्हणणं असं : ‘ताई, धाकट्याचा काही त्रास नाही. मोठाच त्याला सुखाने बसू देत नाही. रात्री तर रोज रडारड. आम्ही दोघं दिवसभर बाहेर, मुलांना वेळच देत नाही, त्याचंच हे फळ असेल का?’

नोकरी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आईच्या तोंडी हा शेवटचा प्रश्न असतो. त्याला मी लगेच उत्तर देत नाही, कारण नुसतं ‘तसं काही नाही हो’ म्हटल्याने ती रुखरुख जात नाही. मी त्यांना एक साधी वही करायला सांगितली. भांडणं लिहायची नाहीत, कोण किती हट्टी तेही लिहायचं नाही. आठवडाभर फक्त कोण किती वाजता उठला, किती वाजता झोपला आणि दुपारी झोपला असेल तर किती वेळ, एवढंच लिहायचं.

वही आली तेव्हा गोष्ट तिथेच दिसत होती. मोठ्याची शाळा सकाळची. व्हॅन साडेसहाला कोपऱ्यावर येते, म्हणून पावणेसहाला उठवायचं. दुपारी घरी आला की जेवण, गृहपाठ, मग अबॅकस, मग ट्यूशन. धाकट्याची शाळा नऊची, त्यामुळे तो आरामात आठला उठणार. दुपारी आजी लवंडली की तिच्या कुशीत तोही अडीच तास झोपणार. रात्री दोघेही एकाच खोलीत, एकाच वेळी आडवे होत, साधारण सव्वाअकराला.

बेरीज करून बघा. धाकट्याची झोप सव्वाअकरा तास, मोठ्याची साडेसहा. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या शिफारशीनुसार ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. म्हणजे एकाची झोप पुरी होत होती आणि दुसऱ्याला रोज किमान अडीच तास कमी पडत होते. अकरा वाजता ताजातवाना धाकटा भावाच्या अंगावर उड्या मारायचा, मोठा त्याला ढकलायचा, आणि बोलणी मोठ्याला बसायची : ‘तू मोठा ना? समजत नाही तुला?’ ‘शांत’ आणि ‘त्रासदायक’ ही दोन लेबलं या घरात कशी तयार झाली, ते मला वहीच्या त्या पानांवर लख्ख दिसलं. वाईटही वाटलं, कारण मोठ्याने एव्हाना ती मान्य करून टाकली होती. माझ्याशी बोलताना तो सहज म्हणाला, ‘मी मस्तीखोर आहे.’

वडिलांना हे पटेना. ‘झोप येत असती तर झोपला नसता का? अकरा वाजता सोफ्यावरून उड्या मारतो तो!’ इथेच बहुतेक घरांची गफलत होते. मोठी माणसं दमली की पेंगतात. दमलेलं मूल मात्र अनेकदा उलट जास्त धावतं, चिडतं, क्षुल्लक कारणावरून रडतं आणि वर्गात त्याचं लक्ष टिकत नाही. वरवर पाहिलं तर हे सगळं एडीएचडीसारखंच दिसतं. म्हणून त्या निदानासाठी घाई करून चालत नाही. लक्षणं १२ वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात, सहा महिने तरी टिकलेली असावी लागतात, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांचं दुसरं कारण नाही हेही पाहावं लागतं. हे निदान बालमनोविकारतज्ज्ञ किंवा मुलांच्या विकासातले तज्ज्ञ डॉक्टर करतात, डायरीतल्या शेऱ्याने ते होत नाही. मोठा घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का, हेही मी विचारलं. अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी, वाढलेल्या मुलांची झोप तासांनी पुरेशी दिसली तरी तुटक होते, आणि मग आधी डॉक्टरांकडे जावं लागतं. इथे तसं काही नव्हतं.

मग मुलं अकरापर्यंत जागी का? टीव्हीमुळे नाही, मोबाइलमुळेही फारसं नाही. वडिलांमुळे. त्यांची कंपनीची बस त्यांना पावणेनऊला सोडते. ते आले की सगळ्यांनी एकत्र जेवायचं, मग बाबांशी कुस्ती, घोडा-घोडा, हसणं-खिदळणं. त्या घरातला सगळ्यात आनंदाचा वेळ तोच. मोठ्याला नऊच्या आत झोपवावं लागेल म्हटल्यावर वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मग मी काय फक्त झोपलेली मुलं बघायची?’ आजींनी तर स्पष्टच सांगितलं, ‘बाप दारात यायच्या आत पोरं निजवायची? हे मला नाही पटत.’

मला हे दोन्ही प्रश्न अगदी खरे वाटतात. घरापासून लांबच्या कारखान्यात जाणाऱ्या कितीतरी बडोदेकर बापांचा हाच पेच आहे, आणि त्यांना ‘वेळापत्रक पाळा’ एवढंच सांगणं क्रूरपणाचं होईल. या बापाने मुलांना वेळ दिला नव्हता असं नाहीच. उलट भरभरून दिला होता. फक्त तो मोठ्याच्या झोपेतून जात होता. आईलाही मी हेच सांगितलं : तुमच्या नोकरीचा यात दोष नाही.

आम्ही चौघांनी बसून वेळ इकडचा तिकडे केला. मुलांचं जेवण साडेसातला, आजी आणि आईबरोबर. बाबा आले की हातपाय धुऊन थेट मुलांच्या खोलीत. दिवा मंद, कुस्ती नाही, त्यांच्या शेजारी पडून एक गोष्ट. बाबांनी स्वतः जेवायचं ते त्यानंतर. सकाळी मोठ्याला व्हॅनपर्यंत सोडायचं काम आईकडून बाबांकडे आलं. तिथे कोपऱ्यावर उभं राहून दोघांच्या ज्या गप्पा होतात, त्यात धाकटा नसतो, आणि मोठ्याला नेमकं तेच हवं होतं. कुस्ती रविवारी सकाळी, कमाटी बागेत, मनसोक्त.

धाकट्याची दुपारची झोप आजींनी स्वतः तासावर आणली. अबॅकस बंद केलं. त्यावर आई अडली होती, फी भरलेली होती म्हणून. पण प्रो. माणिकरावांच्या आखाड्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या दांडिया बाजारात राहून साडेसात वर्षांच्या मुलाला संध्याकाळी धावायला जागा मिळत नाही, हे मला पटणारं नव्हतं. ५ वर्षांवरच्या मुलांना दिवसाला सरासरी तासभर तरी चांगली दमछाक होईल असं खेळायला मिळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो तास अबॅकसच्या जागी आला.

झोपेची वेळ एका रात्रीत नऊवर आणली नाही. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे. उठायची वेळ मात्र रविवारीही तासाभराच्या वर लांबू द्यायची नाही. झोपण्याआधी तासभर घरातली प्रखर ट्यूबलाइट आणि टीव्ही-मोबाइल बंद, कारण संध्याकाळच्या लख्ख उजेडाने झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं, आणि लहान मुलांवर त्याचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो. नवरात्रातल्या गरब्याच्या रात्री सोडून द्या, असं मीच सांगितलं. सणाला जागलेल्या चार रात्री नडत नाहीत, रोजच्या नडतात.

महिन्याभरात रात्रीची रडारड बरीच कमी झाली. भाऊ आहेत, भांडणं होतातच. बॅट कोणाची यावर अजून होतात. वर्गात मारणं थांबलं असं बाईंनी कळवलं. लिहिताना मात्र मोठा अजूनही मागे पडतो, फळ्यावरचं उतरवून घेणं अर्धवट राहतं. म्हणून तपासणीचा विषय आम्ही सोडलेला नाही. पुरेशी झोप मिळत असताना पूर्ण सत्र जाऊ द्यायचं, डोळे तपासून घ्यायचे, आणि तरीही अडचण राहिली तर तज्ज्ञांकडे जायचं, असं ठरलं आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ वडिलांनी घेतली आहे, शनिवारची, सुट्टी टाकून.