बिल ट्रेझरीत गेलं की पुढे त्याचं काय होतं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी सरकारी हिशोब आणि कोषागार

प्रश्न : मी मागच्या वर्षी एका तालुक्याच्या सरकारी ऑफिसात लिपिक म्हणून लागले. बिलांचं टेबल माझ्याकडेच आलंय. बिल उपकोषागारात दिलं की टोकन मिळतं, मग काही दिवस काहीच कळत नाही आणि मग आक्षेप लागून परत येतं. आत नक्की काय चालतं? साहेब मलाच बोलतात.

तुमच्या टेबलावर नवीन माणूस आला की त्याचं हेच होतं, तेव्हा आधी मनाला लावून घेणं सोडा. एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा. पैसे मागणारा, पैसे देणारा आणि हिशोब मांडणारा हे तिघं सरकारात मुद्दाम वेगळे ठेवलेत. मागतो तो तुमचा डीडीओ, म्हणजे आहरण व संवितरण अधिकारी. तपासून देते ती ट्रेझरी, तालुक्याला उपकोषागार आणि जिल्ह्याला जिल्हा कोषागार, या सगळ्यांच्या वर मुंबईत लेखा व कोषागारे संचालनालय आणि त्याच्यावर वित्त विभाग. आणि राज्याचा शेवटचा हिशोब मांडतात ते महालेखापाल, ते तर राज्य सरकारच्या हाताखाली येतच नाहीत, ते नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या यंत्रणेतले, आपल्या राज्यासाठी त्यांची मुंबई आणि नागपूर अशी दोन कार्यालयं आहेत. केंद्राने १९७६ मध्ये स्वतःचा हिशोब ठेवायचं काम आपल्या खात्यांकडे घेतलं, बहुतेक राज्यांचा मात्र अजून महालेखापालांकडेच आहे.

आता तुमचं बिल. काउंटरवर ते नोंदलं जातं आणि टोकन नंबर पडतो. तिथून ते त्या त्या प्रकाराच्या टेबलावर जातं, पगाराची वेगळी, आकस्मिक खर्चाची वेगळी, अनुदानाची वेगळी, पेन्शनची तर शाखाच वेगळी. टेबलावरचा माणूस, ज्याला सगळे ऑडिटरच म्हणतात, तो काय बघतो तर डीडीओची सही त्यांच्याकडच्या नमुना सहीशी जुळते का, मंजुरीचा आदेश जोडलाय का आणि तो सक्षम अधिकाऱ्याचाच आहे का, बीम्स या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीतून काढलेलं प्राधिकारपत्र आहे का म्हणजे त्या खर्चाला तरतूद शिल्लक आहे का, लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कशावरचा ते सांगणारा आकडा, बरोबर आहे का, बेरीज आणि कपाती जुळतात का, आणि हीच रक्कम आधी कधी काढली तर नाही ना. मग वरच्याची तपासणी, मग कोषागार अधिकाऱ्यांची मान्यता आणि मग रक्कम खात्यावर. पैसे गेले की तुमच्या बिलाला प्रमाणक क्रमांक मिळतो, व्हाउचर नंबर. टोकन विसरलात तरी चालेल, पण हा नंबर तारखेसकट तुमच्या बिल रजिस्टरला चढलाच पाहिजे, का ते शेवटच्या उत्तरात सांगते.

हे सगळं ते त्यांच्या मनाने करत नाहीत, महाराष्ट्र कोषागार नियम १९६८ आणि मुंबई वित्तीय नियम १९५९ आहेत त्यामागे. ऑफिसात दोन्हीची प्रत कुठल्या तरी कपाटात नक्की असेल, शोधा आणि हाताशी ठेवा.

पण ट्रेझरीचं सगळंच बरोबर असतं असंही मी म्हणणार नाही. एक आक्षेप काढून बिल परत, तो दुरुस्त केला की दुसरा काढून परत, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. सगळे आक्षेप एकाच वेळी लेखी दिले पाहिजेत, कारण त्या कागदामागे कोणाचा तरी थकलेला पगार किंवा वैद्यकीय बिल असतं. तुमच्याकडे असं होत असेल तर साहेबांना उपकोषागार अधिकाऱ्यांशी बोलायला सांगा, लिपिकाने एकटीने भांडायची ही गोष्ट नाही.

प्रश्न : एमपीएससीचा अभ्यास करतोय. लेखाशीर्ष हा प्रकार पाठ करून करून कंटाळलो, त्यात काही लॉजिक आहे का?

आहे, आणि एकदा ते दिसलं की पाठ करायला फार काही उरत नाही, मला तर सरकारी हिशोबातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. सरकारचे पैसे घटनेप्रमाणे तीन ठिकाणी असतात. कलम २६६ प्रमाणे संचित निधी आणि लोकलेखा, आणि कलम २६७ प्रमाणे आकस्मिकता निधी, अचानक उद्भवणाऱ्या खर्चासाठीचा. कर, महसूल, कर्ज सगळं संचित निधीत येतं आणि विधिमंडळाने विनियोजन, म्हणजे तो खर्च, मंजूर केल्याशिवाय त्यातून रुपया निघत नाही. लोकलेख्यातले पैसे मात्र सरकारचे नसतातच, ते लोकांचे, सरकार फक्त सांभाळतं, कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी किंवा ठेवी वगैरे.

आता प्रधान शीर्षाचे चार आकडे घ्या. पहिला आकडा ० किंवा १ म्हणजे महसुली जमा, २ किंवा ३ महसुली खर्च, ४ किंवा ५ साधारण भांडवली खर्च, ६ किंवा ७ कर्ज, आणि ८ म्हणजे आकस्मिकता निधी व लोकलेखा. पुढचे तीन आकडे विषय सांगतात. शिक्षण बघा, ०२०२ जमा, २२०२ सर्वसाधारण शिक्षणाचा महसुली खर्च, ४२०२ भांडवली खर्च, ६२०२ कर्ज. म्हणजे शाळेतल्या शिक्षकाचा पगार २२०२ ला आणि शाळेची इमारत ४२०२ ला, आकडा बघूनच कळतं की पैसे दर महिन्याला खर्च होऊन जाणारे आहेत की त्यातून काही उभं राहतंय. प्रधान शीर्षाखाली उपप्रधान, मग गौण, मग उपशीर्ष, तपशीलवार शीर्ष आणि शेवटी उद्दिष्ट, अशा सहा पायऱ्या. २२०२ मध्ये ०२ म्हणजे माध्यमिक, त्यात १०९ म्हणजे शासकीय माध्यमिक शाळा. उद्दिष्टात आपल्याकडे ०१ वेतन, ११ देशांतर्गत प्रवास, १३ कार्यालयीन खर्च. प्रधान आणि गौण शीर्षं देशभर एकच आहेत, म्हणून तर दोन राज्यांचा आरोग्यावरचा खर्च शेजारी ठेवून बघता येतो. आणि हो, खुद्द कोषागारं चालवायच्या खर्चालाही शीर्ष आहे, २०५४.

प्रश्न : मुंबईत जिल्हा कोषागार का नाही?

तिथे ते काम अधिदान व लेखा कार्यालय करतं. बिल तपासून पैसे देणं तेच, फक्त महिन्याचा हिशोब जुळवायचं बरंचसं कामही तिथेच होतं.

प्रश्न : मी राज्य सरकारी नोकरीतून निवृत्त झालोय. पेन्शनची चौकशी केली की ट्रेझरी म्हणते एजीकडे, म्हणजे महालेखापालांकडे जा, एजी म्हणतं ऑफिसला विचारा. नेमकं कोणाचं काम आहे?

दादा, हा त्रास फार लोकांचा आहे आणि या वयात चकरा मारायला लावणं चूकच आहे. ओळखायची खूण अशी. पेन्शनची रक्कम ठरवून आदेश काढणं महालेखापालांचं काम, पण ते ठरवतात तुमच्या जुन्या ऑफिसने पाठवलेल्या कागदांवरून. त्या आदेशाप्रमाणे दर महिन्याला पैसे देणं ट्रेझरीचं काम. म्हणजे आदेशातला आकडाच चुकलाय तर जुन्या ऑफिसमार्फत महालेखापालांकडे, आणि आदेश बरोबर आहे पण पैसे आले नाहीत किंवा कमी आले तर ट्रेझरीच्या पेन्शन शाखेत. आदेशाची प्रत सोबत ठेवा, म्हणजे त्यांना टाळता येत नाही. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला चुकवू नका, पैसे थांबण्याचं ते नेहमीचं कारण आहे. आणि जे अजून नोकरीत आहेत त्यांनी सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडून निवृत्तीच्या खूप आधी तपासून घ्यावं, बऱ्याच पेन्शन केसेस तिथेच अडकतात.

प्रश्न : दर महिन्याला ताळमेळ घ्यायला लावतात. पैसे तर मिळाले, मग परत जाऊन आकडे जुळवायचे कशाला? सगळं ऑनलाइन झालंय ना आता?

ऑनलाइन झालंय हे खरं. पगार सेवार्थ प्रणालीतून, सरकारकडे पैसे भरायचे तर ग्रास या संकेतस्थळावर, पूर्वी एक चलन भरायला अर्धा दिवस जायचा तो वाचला. पण संगणक तुम्ही टाकलेला आकडाच पुढे नेतो, चुकीचा टाकलात तर चुकीचाच.

ताळमेळ म्हणजे तुमच्या रजिस्टरचे आकडे त्यांच्या हिशोबातल्या आकड्यांशी जुळवणं. ट्रेझरी दर महिन्याला रोखलेखा आणि प्रदानांच्या, म्हणजे दिलेल्या पैशांच्या, याद्या प्रमाणकांसह महालेखापालांकडे पाठवते. तिथे ते शीर्षवार लावले जातात आणि वर्षाच्या शेवटी त्यातून वित्त लेखे आणि विनियोजन लेखे तयार होतात, जे विधिमंडळापुढे जातात आणि लोकलेखा समिती त्यावरून सचिवांना प्रश्न विचारते. तुमच्या ऑफिसचा खर्च दुसऱ्याच शीर्षाखाली पडला असेल तर तुमच्या तरतुदीत पैसे शिल्लक दिसणार आणि दुसऱ्याच्या तरतुदीत जास्त खर्च, आणि वर्ष बंद झाल्यावर ते दुरुस्त करणं महाकठीण.

मी हिशोबाच्या टेबलावर होते तेव्हाची गोष्ट सांगते. एका शिपायाला बढती मिळून तो लिपिक झाला, म्हणजे त्याचं भविष्य निर्वाह निधीचं खातं विभागाकडून महालेखापालांकडे गेलं. दर महिन्याला वर्गणी कापली जात होती, पगारपत्रकावर दिसत होती. पण शेड्यूलवर, म्हणजे बिलाला जोडलेल्या कपातीच्या यादीवर, त्याच्या खाते क्रमांकातला एक आकडा चुकलेला. पैसे ८००९ मध्ये, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या शीर्षात, सरकारकडे सुखरूप होते, पण त्याच्या नावावर नव्हते, वार्षिक स्लिपवर ते महिने कोरे. मुलीच्या लग्नासाठी अग्रिम मागायला गेला तेव्हा कळलं. मी जुनी रजिस्टरं काढली, प्रत्येक महिन्याचा प्रमाणक क्रमांक आणि तारीख शोधली, तक्ता केला, पाठवला, परत पाठवला, आणि शेवटी सगळ्या रकमा त्याच्या खात्यावर आल्या. पण लग्न तोवर उसनवारीवर होऊन गेलं होतं. मी त्या टेबलावर यायच्या आधी कोणी दर महिन्याला जुळवणी केली असती तर हे पहिल्याच महिन्यात दिसलं असतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून ताळमेळाला जाताना बिल रजिस्टर बरोबर न्या, प्रत्येक बिलापुढे व्हाउचर नंबर, तारीख आणि शीर्ष लिहिलेलं. नुसती रक्कम सांगितली तर तिथे कोणालाच काही सापडत नाही.