राजघराण्यांची स्थळं आणि चित्रकार

प्रश्न : इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने चित्र पाहून क्लीव्हच्या ॲनला होकार दिला आणि प्रत्यक्षात ती त्याला आवडली नाही, असं वाचलं. चित्रकाराने फसवलं होतं का?

उत्तर : तसं म्हणायला आधार नाही. १५३९च्या उन्हाळ्यात हेन्रीचा दरबारी चित्रकार हान्स होल्बाइनने जर्मनीतल्या ड्युरेनला जाऊन ॲन आणि तिची बहीण अमालिया, दोघींची चित्रं काढली. चित्रं हुबेहूब उतरल्याचं हेन्रीचा राजदूत निकोलस वॉटनने कळवलं. अडचण होती ती चित्रात न दिसणाऱ्या गोष्टींची. आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेलं ॲनचं चित्र जेमतेम ६५ बाय ४८ सेंटिमीटरचं आहे, आणि चेहरा अगदी समोरून काढलेला. अशा चेहऱ्यात नाक किती पुढे आलंय, हनुवटी कशी आहे, हे कळत नाही. त्यासाठी मान थोडी वळलेली हवी. शिवाय भरजरी टोपडं आणि दागिने डोळ्यांत इतके भरतात की चेहऱ्याकडे लक्ष उशिराच जातं. बाकीचं वॉटनने पत्रात लिहिलंच होतं : मातृभाषेपलीकडे तिला दुसरी भाषा येत नाही, गाणं-वाजवणं नाही, वेळ जातो तो सुईदोऱ्यात. हेन्री स्वतः संगीताचा शौकीन! पत्र नीट वाचलं असतं तरी पुरे होतं.

६ जानेवारी १५४० रोजी लग्न झालं, जुलैत रद्द झालं. स्थळ जमवणाऱ्या थॉमस क्रॉमवेलचा, म्हणजे हेन्रीच्या मंत्र्याचा, त्याच महिन्यात शिरच्छेद झाला, अर्थात दरबारातली वैरंही त्यामागे होती. होल्बाइनला शिक्षा झाली नाही.

प्रश्न : एवढं चित्र एका बैठकीत कसं व्हायचं?

उत्तर : होत नसे. १२ मार्च १५३८ रोजी ब्रसेल्समध्ये डेन्मार्कच्या क्रिस्टीनाने होल्बाइनला दुपारी एक ते चार एवढाच वेळ दिला. तेवढ्यात रेखाटन उरकायचं. तैलरंगाचं काम मागाहून, ती समोर नसताना. त्यातूनच ओकच्या लाकडावरचं, सुमारे १७९ सेंटिमीटर उंचीचं पूर्णाकृती चित्र तयार झालं. सोळा वर्षांची ही विधवा पायघोळ काळ्या सुतकी वेषात आहे, त्यामुळे उघडे दिसतात ते चेहरा आणि हातच. हेन्रीला ती पसंत पडली, पण सोयरीक जुळली नाही.

प्रश्न : चित्र वाटेत गहाळ झालं तर?

उत्तर : म्हणून जोडीने पाठवत. १४२९मध्ये चित्रकार यान व्हान आयकने काढलेली पोर्तुगालच्या इझाबेलाची चित्रं बर्गंडीच्या ड्यूक फिलिपकडे गेली ती एक समुद्रमार्गे, एक खुष्कीने.