आई-बाबा येतायत, काय काय दाखवू?

प्रश्न : ताई नमस्कार. मी लीड्सला एमएससी करतोय, सप्टेंबरमध्ये आलो. आई-बाबा मे महिन्यात पंधरा दिवस येतायत, दोघंही पहिल्यांदाच देशाबाहेर. बाबा रेल्वेतून रिटायर झालेत, ६३ वर्षांचे, आई ५८ची आणि तिचे गुडघे दुखतात. मी एक्सेल शीट केलीय, त्यात लंडन, ऑक्सफर्ड, केंब्रिज, बाथ, स्टोनहेंज, लेक डिस्ट्रिक्ट, एडिंबरा, लॉक नेस सगळं बसवलंय, पण मधेच माझं असाइनमेंट सबमिशन आहे आणि पैशाचं गणित काही केल्या जुळत नाहीये. आई फोनवर म्हणते आम्हाला काही बघायचं नाही, तुला बघायचंय. पण एवढा खर्च करून येतायत तर सगळं दाखवायलाच हवं ना? काय ठेवू, काय काढू?
— लीड्समधला एक वाचक

उत्तर : अरे, आई जे म्हणते ना ते अक्षरशः खरं धर. मी शेफील्डला शिकत होते तेव्हा माझे आई-बाबा आले होते आणि मीही तुझ्यासारखीच यादी केली होती, रोज दोन गावं. चौथ्या दिवशी लंडनमध्ये एका म्युझियमच्या पायऱ्यांवर आई बसली, बूट काढले, मोजे काढून तळपाय दाबत म्हणाली तू आणि बाबा जाऊन या, मी इथे बसते बॅगा सांभाळत. आणि मी गेले. तिकीट काढलं नव्हतं, म्युझियम फुकटच होतं, तरी गेले, कारण यादीत होतं. आज इतकी वर्षं झाली पण तिचे ते सुजलेले पाय डोळ्यासमोरून जात नाहीत. म्हणून तुला कळकळीने सांगते, शीट उघड आणि अर्धी गावं डिलीट कर.

पहिले चार दिवस लीड्समध्येच ठेव, कुठेही जाऊ नका. मेमध्ये भारताची वेळ साडेचार तास पुढे असते, त्यामुळे ते पहाटे तीन-चारला टक्क जागे होणार आणि संध्याकाळी सहाला पेंगणार, आणि बाहेर तर नऊपर्यंत उजेड. त्यांना तुझं कॉलेज दाखव, तू लायब्ररीत कुठल्या टेबलाशी बसतोस ते दाखव (व्हिजिटरला आत सोडतात का ते आधी विचारून ठेव), तुझा बसस्टॉप, तू जिथून दूध-ब्रेड आणतोस ते दुकान. माझ्या आईने पूर्ण ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त वेळ कशाकडे बघितलं असेल तर आमच्या कॉमन किचनमधल्या माझ्या नावाच्या कप्प्याकडे. एक पॅन, एक पातेलं, मिसळणाच्या डब्याऐवजी रबरबँड लावलेल्या पुड्या. काही बोलली नाही, सगळ्या पुड्या बाहेर काढून पुसून परत लावल्या. नंतर घरी गेल्यावर तिने शेजारणीला लंडनचं नाही, त्या कप्प्याचं वर्णन केलं.

लीड्सचं कर्कगेट मार्केट अजिबात चुकवू नकोस. मार्क्स अँड स्पेन्सरची सुरुवात तिथल्याच एका छोट्या स्टॉलवर झाली, १८८४ साली. हे आईला सांग, आणि मग भाजी घ्यायला तिलाच पुढे कर, मंडईत ती आपोआप रमेल. सबमिशनचे दोन दिवसही याच लीड्सच्या दिवसांत बसव आणि त्यांना आधीच स्पष्ट सांग की या दोन दिवसांत मी लायब्ररीत असणार. वाईट वाटत नाही त्यांना, उलट पोरगा अभ्यास करतोय हे डोळ्यांनी दिसतं.

आता बाबा. रेल्वेतला माणूस आणि तुझ्या शीटमध्ये यॉर्क नाही?! लीड्सहून यॉर्क ट्रेनने जेमतेम अर्धा तास, आणि तिथलं नॅशनल रेल्वे म्युझियम स्टेशनच्या अगदी जवळ आहे, एंट्री फुकट. मॅलार्ड नावाचं निळं इंजिन तिथे ठेवलंय, १९३८ साली ताशी १२६ मैल म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर पळालं होतं, वाफेच्या इंजिनांचा तो जागतिक विक्रम आहे. जपानच्या बुलेट ट्रेनचा एक डबाही आहे, आत जाऊन बसता येतं. इथे घाई करू नकोस, बाबांना अख्खा दिवस दे आणि त्यांना बोलू दे, ब्रेक कसा लागतो, कपलिंग कसं असतं, ड्युटीवर काय व्हायचं. आपण पोरांनी आपल्या बापाच्या नोकरीबद्दल फारसं कधी ऐकलेलंच नसतं. आईला जमलं तर यॉर्कच्या जुन्या गल्ल्या, मिन्स्टर चर्च बाहेरून, आणि चहा. तटबंदीवर चढायचा हट्ट नको, पायऱ्या अरुंद आहेत.

लंडन चार रात्री, दिवसाला एकच मोठी गोष्ट. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), सायन्स म्युझियम, सगळ्यांना कायमच्या दालनांसाठी तिकीट नाही, म्हणजे दीड तासात बाहेर पडलात तरी पैसे वाया गेल्याची चुटपुट नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत, तेवढी बघा आणि खाली ग्रेट कोर्टात, म्हणजे मधल्या मोठ्या चौकात, बसा. व्ही अँड एमध्ये टिपूचा वाघ आहे, म्हणजे टिपू सुलतानाचा तो लाकडी वाघ. बाबा वाघनखं विचारतील, तर ती २०२४च्या जुलैमध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, साताऱ्याच्या संग्रहालयात पहिल्यांदा ठेवली होती. कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्ये, राजमातेच्या मुकुटात. त्याचं तिकीट महाग आहे आणि मुकुटांसमोरून सरकत्या पट्ट्यावरून नेतात त्यामुळे दर्शन काही सेकंदांचंच, तर जायचं का ते आधी घरात बोलून ठरवा.

त्यापेक्षा मी सांगते तो एक दिवस करच. ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरायचं, तिथून थोडं चालून १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ला ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे, जायच्या आधी वेळा बघून घे. परदेशात शिकणाऱ्या पोराच्या आई-बाबांनी त्या जिन्यावर उभं राहणं यात जे आहे ते बिग बेनसमोर नाही मिळत. जवळच प्रिमरोज हिल, छोटीशी टेकडी, वर बाकं आहेत आणि सगळं लंडन समोर दिसतं. आईला वर चढवत नसेल तर खाली हिरवळीवर बसा, दशम्या-चटणी तिथेच. अजून ताकद असेल तर वॉरिक अव्हेन्यू स्टेशनजवळ १०, हाउली प्लेस, तिथे १९१८-१९मध्ये लोकमान्य टिळक राहिले होते, भिंतीवर पाटी आहे. लोकांचं राहतं घर आहे, बाहेरूनच बघायचं. पण तिथून कालव्याकाठी लिटल व्हेनिस दोन पावलांवर, रंगीत बोटी लागलेल्या असतात, आणि रस्ता सपाट. आईच्या गुडघ्यांना हा दिवस बरोबर जमेल.

एडिंबरा की लेक डिस्ट्रिक्ट, यातलं एकच ठेव, दोन्ही नको. एडिंबरा मला स्वतःला फार आवडतं पण जुनं शहर म्हणजे सगळा चढ-उतार आणि दगडी फरसबंदी, किल्ला तर टोकालाच. लॉक नेस तिथून एका दिवसात केलं तर जवळपास सगळा दिवस बसमध्ये जातो. म्हणून तुमच्यासाठी लेक डिस्ट्रिक्ट, दोन रात्री विंडरमियरला. तळ्यात बोट, आणि ५५५ नंबरची बस जी विंडरमियरहून अँबलसाइड, ग्रासमियर करत केसिकला जाते. बसमध्ये बसून डोंगर-तळी सगळं दिसतं, आवडेल तिथे उतरायचं. स्टोनहेंज, बाथ, ऑक्सफर्ड, केंब्रिज काढून टाक. खरंच काढ.

पैशाचं. तुम्ही तिघं आहात ना, तर ग्रुपसेव्ह बघ, तीन ते नऊ जण एकत्र जात असतील तर बऱ्याच कंपन्यांच्या ऑफ-पीक (गर्दीच्या वेळा सोडून) ट्रेन तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते, कुठलं कार्ड काढावं लागत नाही. लांबच्या प्रवासाला ॲडव्हान्स तिकीट आधी काढलं तर तेच स्वस्त पडू शकतं, फक्त ते त्याच ठरलेल्या गाडीला चालतं. बाबा साठीच्या वर आहेत, त्यांना सीनियर रेलकार्ड (सवलतीचं कार्ड) मिळेल, पासपोर्टवर निघतं, पण ग्रुपसेव्ह आणि रेलकार्ड एकत्र लागत नाही त्यामुळे आधी हिशोब कर. लंडनमध्ये प्रत्येकाने आपापलं वेगळं कार्ड टॅप करायचं, एकाच कार्डाने तिघं नाही जात. दिवसाची कॅप लागते म्हणजे ठरावीक रकमेच्या वर कापत नाहीत. आणि ट्यूबपेक्षा बस घ्या, जुन्या स्टेशनांवर जिने फार. १५ नंबरची बस ट्रॅफल्गर स्क्वेअरकडून सेंट पॉल्सवरून टॉवरकडे जाते, वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट मिळाली तर टूर बसचे पैसे वाचले. ट्यूबच घ्यायची तर एलिझाबेथ लाइनला सगळीकडे लिफ्ट किंवा रॅम्प आहे.

एक राहिलंच, हॉस्टेलच्या रूमवर त्यांना पंधरा दिवस ठेवायचा विचार असेल तर काँट्रॅक्ट वाच, बहुतेक ठिकाणी पाहुणे थोड्याच रात्री चालतात. किचन असलेला छोटा फ्लॅट घे, आईचा जीव तिथे शांत राहील.

प्रश्न : लेक मँचेस्टरला शिकते, आम्ही दोघं जुलैत तिच्याकडे जातोय. घरचं तूप, पेढे, दिवाळीसारखा फराळ न्यायचाय. आणि ह्यांना बीपी-शुगर आहे. काय काळजी घेऊ?
— सांगलीहून एक आई

उत्तर : काकू, तूप आणि पेढे नका नेऊ. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, घरचं असलं तरी काढून घेतात आणि एवढं कढवलेलं तूप डोळ्यांदेखत जातं. चिवडा, चकली, लाडू तेलातले किंवा वनस्पती तुपातले करा, मेतकूट, चटण्या, गोडा मसाला न्या. तूप तिथे विकत मिळतं.

काकांसाठी दोन गोष्टी. गोळ्या हँडबॅगेत, मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांचं इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन, आणि मुक्कामापेक्षा आठवडाभराच्या जास्त. दुसरं, ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्याच आणि फॉर्ममध्ये बीपी-शुगर खरं खरं लिहा, लपवलं तर क्लेम अडतो. लेकीने व्हिसाबरोबर तिथल्या सरकारी दवाखान्याचा सरचार्ज भरलेला असतो, तुम्ही व्हिजिटर म्हणून जाता त्यामुळे तो तुम्हाला लागू नाही. इमर्जन्सीत तपासतील, पण ॲडमिट केलं की बिल येतं आणि ते मोठं असतं. विमानाचं बुकिंग करताना व्हीलचेअर असिस्टन्स मागा, फुकट असतो. काका म्हणतील मी काय म्हातारा झालोय का, तरी मागा, एअरपोर्टवर चालणं खूप आहे आणि इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभं राहणं शुगरवाल्याला झेपत नाही.

प्रश्न : बाबा आलेत आणि प्रत्येक गोष्टीला रुपयांनी गुणतात. कॉफी प्यायला तयार नाहीत, बाहेर जेवत नाहीत, टॉयलेटला पैसे पडतील म्हणून पाणीसुद्धा कमी पितात. मला रडायला येतं.
— डंडीतली विद्यार्थिनी

उत्तर : अगं, रडू नकोस. आयुष्यभर एकेक रुपया जोडून त्यांनी तुझी फी भरलीय, ती सवय विमानात उतरवून ठेवता येत नाही. पाण्याचं मात्र आजच बघ. बहुतेक म्युझियम, लायब्ररी, मोठ्या सुपरमार्केटमध्ये टॉयलेट फुकट असतं, ग्लासगो सेंट्रल, एडिंबरा वेव्हर्लीसारख्या मोठ्या स्टेशनांवरही २०१९पासून पैसे घेत नाहीत. त्यांना सकाळीच सांग आज कुठे कुठे सोय आहे.

खर्चाचं, मी काय केलं ते सांगते. रोज सकाळी ठरलेले पौंड बाबांच्या हातात द्यायचे, आजचा खर्च तुम्ही करायचा म्हणून. पहिल्या दिवशी त्यांनी निम्मे परत आणले. दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटमध्ये स्वतः मील डील शोधली, सँडविच, ज्यूस आणि चिप्स एकत्र घेतलं की स्वस्त, पाकिटावर व्हेजिटेरियन लिहिलंय का तेही स्वतःच वाचलं. तिसऱ्या दिवशी ते एकटे कोपऱ्यावरच्या कॅफेत गेले आणि तीन कॉफ्या घेऊन आले, दोन हातांत तीन कप सांभाळत, आणि एक माझ्यासमोर ठेवून म्हणाले साखर घातलीय, ढवळ.