सीताफळाच्या बागेसाठी खेचर घ्यावे का?

प्रश्न : धारूर तालुक्यात बालाघाटाच्या उतारावर आमची सीताफळाची बाग आहे. बागेपासून डांबरी रस्त्यापर्यंत बैलगाडी जात नाही आणि फळांचे क्रेट डोक्यावरून वाहून न्यायला मजूर तयार होत नाहीत. एका वीटभट्टीवरचे खेचर स्वस्तात मिळत आहे. शेतातल्या आखाड्यावर (गोठ्यावर) बैलजोडी आणि एक म्हैस आहे. खेचर घ्यावे का? (एक वाचक, जि. बीड)

उत्तर : उताराच्या पायवाटेवर ओझे वाहण्यात खेचराचा हात धरणारे दुसरे जनावर नाही, त्यामुळे आपला विचार योग्य दिशेने चालला आहे. तरीही आपण लिहिलेल्या परिस्थितीत यंदा खेचर विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सीताफळाची तोडणी साधारण पावसाळा सरताना सुरू होते आणि दिवाळीच्या आसपास संपते; उरलेल्या महिन्यांत या जनावराला आपण कोणते काम देणार, हे आपल्या पत्रात कुठेही आलेले नाही. खेचर दूध देत नाही आणि त्याला वंशही नसतो. घोडीच्या ६४ आणि गाढवाच्या ६२ गुणसूत्रांपैकी निम्मी-निम्मी मिळून त्याच्यात ६३ येतात, म्हणून नर असो वा मादी, ते जवळजवळ नेहमीच वांझ राहते. नीट सांभाळले तर ते तीस वर्षेही जगू शकते. म्हणजे स्वस्तात घेतलेल्या जनावराचा खरा खर्च पुढे अनेक वर्षे वैरण आणि देखभालीच्या रूपाने होत राहतो.

वैरणीबाबत आपल्या भागात विशेष जपावे लागते. वाळलेला, बुरशी न लागलेला कडबा कुट्टी करून देता येतो, परंतु हिरव्या ज्वारीवर घोडावर्गीय जनावर चरू दिल्यास मागचे पाय लुळे पडणे आणि लघवीवरचा ताबा जाणे असा आजार होऊ शकतो. म्हशीचे पशुखाद्य त्याच्यापुढे कधीही ठेवू नये. त्यात मोनेन्सिन हे पशुखाद्यात मिसळले जाणारे औषध असल्यास घोडा, गाढव आणि खेचर यांना ते प्राणघातक ठरते. घाईत एकाच घमेल्यातून सर्व जनावरांना खाऊ घालण्याची सवय अनेक आखाड्यांवर आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

दुसरी अडचण खुरांची आहे. खेचराचे खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी तासावे लागतात आणि बैलाच्या दुभंगलेल्या खुराला पत्री मारणाऱ्या कारागिराला एकसंध खुराचे काम येतेच असे नाही. घोड्याचा नालबंद जवळपास येतो का, याची चौकशी किंमत ठरवण्यापूर्वी करावी.

ओझ्याविषयी, कामाच्या जनावरांवरील क्रूरता रोखण्यासाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत खेचरासाठी २०० किलोची मर्यादा आहे. मात्र ती कमाल मर्यादा आहे आणि वीटभट्टीवरच्या लहान चणीच्या जनावरावर त्याच्या वजनाच्या पाव हिश्शाहून अधिक भार मी टाकू देणार नाही. त्याच नियमांनुसार दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही आणि तापमान ३७ अंशांपुढे जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ या वेळेत काम बंद ठेवावे लागते. खेचर अडून उभे राहिले तर बहुधा त्याला वाट धोक्याची वाटत असते किंवा खोगीर रुतत असते. अशा वेळी मारू नये, खोगीर उतरवून पाठ पाहावी.

माझा सल्ला असा, की यंदा तोडणीच्या हंगामापुरते खेचर त्याच्या हाताळणाऱ्यासह भाड्याने घ्यावे. पुढे पाणी, शेणखत, सरपण वाहण्याचे काम वर्षभर निघू लागले आणि शेजारच्या दोन-तीन बागायतदारांनी खर्चात वाटा उचलला, तर खरेदीचा विचार अवश्य करावा. त्या वेळी दातांवरून वय पाहावे, चारही पाय उचलून घ्यावेत आणि रिकामे व ओझ्यासह असे दोन्ही प्रकारे उतारावर चालवून पाहावे. सौदा करण्यापूर्वी परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासणीची सोय विचारावी. ग्लँडर्स या घोडावर्गीय जनावरांच्या संसर्गजन्य रोगाची रक्तचाचणी झाल्याशिवाय जनावर आखाड्यावर आणू नये. तो रोग माणसालाही होतो आणि बाधित जनावराला कायद्यानुसार दयामरण द्यावे लागते. धनुर्वाताची लस टोचून घेणेही तितकेच आवश्यक आहे.